दुखत नाही म्हणायची सवय

त्या सकाळी बायको माझ्या हातून पडता पडता राहिली. खाटेवरून खुर्चीत नेताना माझ्या कमरेत सणकन कळ आली आणि आम्ही दोघंही धपकन खाटेवर बसलो. ती हसली. मला मात्र दरदरून घाम फुटला. वर्षभरापूर्वी तिची डावी बाजू लुळी पडली, तेव्हापासून तिला उठवणं-बसवणं माझ्याकडेच. उद्या हिला मीच पाडलं तर?

मग ठरवलं, अंगात ताकद आणायची. तरुणपणी तालमीत बैठका मारायचो, त्याच पुन्हा सुरू करायच्या. मोहोळला दिलेली लेक फोनवर कडाडली, अप्पा, आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा, मग काय ती पैलवानकी करा. मी म्हटलं, मला काय धाड भरलीय? पण लेकीपुढे माझं काही चालत नाही. शेजारणीला बायकोजवळ बसवलं आणि रिक्षा करून नवी पेठेत गेलो.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे लेकीच्याच वयाची पोरगी. कंबर दुखते का, गुडघे दुखतात का, पायाला मुंग्या येतात का, सगळं विचारलं. सगळ्याला मी ठासून सांगितलं, नाही.

आता ही खोड कुठली ते सांगतो. तीस वर्षं मी चादरीच्या कारखान्यात माग चालवले. तिथे कुणी दुखतंय म्हणाला की मुकादम अगदी मायेनं आराम कर म्हणायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मागावर भलताच माणूस उभा दिसायचा. त्यामुळे ताप असो, कंबर धरलेली असो, आम्ही सगळे कायम ठणठणीत. कारखाना सोडून वर्षं झाली, तरी तोंडातून तेच निघतं.

त्या पोरीनं कोपऱ्यातली वाळूची पिशवी उचलायला सांगितली. मी पाय ताठ ठेवून कमरेतून वाकलो, पिशवी उचलली आणि वर येताना नकळत टेबल धरलं. ती बघतच होती.

"काका, मागावर होता ना तुम्ही?"

मी चाटच पडलो. मागावरची माणसं तुटलेला धागा जोडायला अशीच वाकतात, म्हणाली, तिच्याकडे बरीच येतात. मग आवाज खाली आणून म्हणाली, इथं खरं सांगितलंत म्हणून तुमचं काम कुणी काढून घेणार नाही.

"दुखतं," मी म्हणालो. "लई दुखतं. पण बायकोला उचलायचंय मला."

एवढा बाप्या माणूस, परक्या पोरीसमोर डोळे पुसत बसलो. लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

बैठकांचं नाव इतक्यात काढायचं नाही, असं तिनं बजावलं. उताणं झोपून करायचे दोन साधे व्यायाम दाखवले, वाकायचं ते गुडघ्यातून, हे माझ्याकडून दहादा करून घेतलं. मग सहज विचारलं, उठताना काकू स्वतः किती जोर लावतात?

 मी बायकोला कधी जोर लावूच दिला नव्हता. आधीच बिचारी आजारी, आणखी कशाला त्रास, म्हणून पोत्यासारखी आख्खीच्या आख्खी उचलायचो. चूक होती, पण दुष्टपणानं केलेली नव्हती, एवढंच म्हणेन.

चार दिवसांनी ती पोरगी घरी आली. बायकोचा उजवा पाय दाबून, ढकलायला लावून पाहिला आणि खूश झाली. खुर्ची उजव्या बाजूला लावली, बायकोला पुढं झुकायला सांगितलं, डावीकडून स्वतः आधार दिला आणि मला समोर उभं केलं. एक, दोन, तीन. बायको उठली. मी सवयीनं तिला दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवलं.

"सोडा की," ती म्हणाली. "मी हाय उभी."

मी हळूहळू हात ढिले केले. तिचे पाय थरथरत होते, पण ती उभीच होती. वर्षभरानं तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आलं होतं. मला वाटलं, आता स्वतःच्या पायांबद्दल काही बोलेल.

"तुमची कंबर लई दिसांपासनं दुखतीय," ती म्हणाली. "मला कळत न्हाय व्हय?"

जीभ सवयीनं 'नाही'कडेच वळली होती. जिभेला आवरलं आणि म्हणालो, व्हय, दुखतीय.