लाल गोळ्यांची पुडी

आमच्या आप्पांचा आवाज म्हणजे आवाज होता! विठ्ठलवाडीला आमच्या चाळीमागे विहार होता. तिथे वर्षावासाचे तीन महिने, आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं. वाचायचे माझे वडील, म्हणजे आप्पा. दिवसभर अंबरनाथच्या कारखान्यात मशीनच्या खडखडाटात ओरडून बोलायचं, आणि घरी येऊन हातपाय धुऊन, पांढरा सदरा घालून वाचायला बसायचं. माईक नाही, काही नाही. ज्या म्हाताऱ्यांना जिना उतरवत नसे, त्यांनाही घरबसल्या शब्द न् शब्द ऐकू जायचा.

वाचायच्या आधी ते खिशातून कागदाची पुडी काढत. लाल, वरून साखर लावलेल्या घशाच्या गोळ्या. एक स्वतःच्या गालात, एक माझ्या हातावर. "चावायची नाही. विरघळेपर्यंत हलायचं नाही." मी सात वर्षांची असल्यापासूनचा हा आमचा नेम. औषध कसलं, माझ्यासाठी ती मिठाईच! त्या गोळीच्या लोभाने मी पहिल्या रांगेत बसले आणि बसता बसता ऐकायला लागले.

सतराव्या वर्षी मी जवळच्या सिंधी वस्तीत, कॅम्प तीनमध्ये, जीन्सच्या कारखान्यात धागे कापायला लागले, तेव्हा गोळ्या आणायचं काम माझ्याकडे आलं. त्या वर्षी वाचन सुरू व्हायच्या आधीच आप्पांचा आवाज बसला होता. आई म्हणाली, "आधी दवाखान्यात जाऊन या." आप्पा म्हणाले, "पौर्णिमा होऊ दे, मग बघू. हातात घेतलेलं वाचन मध्येच सोडायचं नसतं." मलाही तेच हवं होतं. पलीकडच्या चाळीतले एक काका आप्पांच्या जागेवर टपूनच बसले होते. त्यांचं वाचन म्हणजे रेशनच्या रांगेत नावं पुकारल्यासारखं. आमच्या आप्पांच्या जागी ते बसणार, या नुसत्या विचाराने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

पूर्वी आठवडाभर पुरणारी पुडी दोन दिवसांत संपायला लागली. कॅम्प तीनचे औषधवाले म्हातारे सिंधी गृहस्थ होते. एक दिवस त्यांनी बरणीचं झाकण उघडता उघडता विचारलं, "इतनी गोली किसके लिए ले जाती है?"

"बाप के लिए. गला बैठा है."

"कब से?"

"डेढ़ महिना हुआ."

त्यांनी झाकण परत लावलं. "बेटी, ये गोली गला ठंडा करती है, बस. डेढ़ महीना बहुत होता है. बड़े अस्पताल में दिखा."

"अंकल, गोली दो ना. भाषण मत दो," मी फणकारले. त्यांनी पुडी बांधून दिली.

शेअर रिक्षातून घरी येईपर्यंत सांगायचं मी पक्कं ठरवलं होतं. दारात शिरले, तर आप्पा सदरा घालून तयार, पुडीसाठी हात पुढे केलेला. मी पुडी दिली आणि गप्प बसले. पौर्णिमेला अजून दोन महिने होते.

आश्विन पौर्णिमेला त्यांनी शेवटचं पान वाचलं. आवाज नुसता खरखर, पण वाचलं. बायांनी डोळ्यांना पदर लावले. त्या काकांनीसुद्धा पुढे होऊन आप्पांना जय भीम केला. आणि मी? मान ताठ करून सगळ्यांकडे बघत होते. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पुढच्या आठवड्यात मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आईला म्हणाले, "दोन महिने आधी आणलं असतं तर बरंच काही वाचवता आलं असतं." दोन महिने! आई रडत राहिली. मी भिंतीला टेकून उभी होते. रडायचं कुठल्या तोंडाने?

आप्पांचं स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक राहिलं. मग ते माझ्या शाळेतल्या पाटीवर लिहून बोलायचे. दिवाळी गेली, थंडी गेली, आणि उन्हाळ्यात दुखणं उलटलं. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि पाटीवर लिहिलं, "वाचन पूर्ण झालं. तुझ्या गोळ्यांमुळे."

मला त्या औषधवाल्यांचं बोलणं सांगायचं होतं. पाया पडून सांगायचं होतं. तेवढ्यात त्यांनी उशाखालची जुनी पुडी काढून एक गोळी माझ्या हातावर ठेवली. त्यांना आता गिळताही येत नव्हतं. ओठ हलले, आवाज नाही. पण काय म्हणाले ते मला कळलं. मी गोळी तोंडात टाकली आणि विरघळेपर्यंत हलले नाही. बोललेही नाही.

आठ दिवसांनी आप्पा गेले.

त्या आषाढी पौर्णिमेला वाचायला ते काका बसले. मी मागे, दाराशी उभी राहून ऐकलं. खोटं कशाला बोलू, चांगलं वाचत होते.