स्टेलाबाईंनी काढलेली खोट

श्रीरामपूरजवळच्या एका दूध संघात स्टेलाबाई ऐन तरुणपणापासून खिडकीवर बसत. दूध घातलं की बायका यायच्या, "स्टेलाबाई, फॅट किती लागली?" विचारायच्या, आणि जाता जाता सासू-सुनांच्या कागाळ्याही ओतून जायच्या. मग नाशकाहून कॉम्प्युटर शिकलेली निकिता आली. तिनं नवी सिस्टीम बसवली. फॅट, भाव, सगळं थेट मोबाईलवर. खिडकीवर आकडे येणंच बंद झालं, खिडकी ओस पडली. स्टेलाबाईंचा नुसता जळफळाट झाला. निकिताचं हसणंसुद्धा त्यांच्या डोळ्यांत खुपायचं.

त्यात चेअरमन आप्पासाहेबांनी त्यांनाच काम सांगितलं. "सिस्टीम बरी हाय का वाईट, गावांत फिरून बघा. तुमी म्हणाल तर ठेवू, न्हाईतर काढू."

बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. लगेच त्या तक्रारी गोळा करायला निघाल्या. पण मेली एक तक्रार मिळेल तर शपथ! माहिती वेळेवर येते? येते. बरोबर असते? असते. वाचून समजते? समजते. वर गडी लोक मोबाईल दाखवून निकिताचं कौतुक करायचे, आणि बाई चहा न घेताच उठायच्या.

शेवटी एका गोठ्यात मुक्ताबाई भेटल्या. "मला काय ठावं? खातं मालकांच्या नावावर, मेसेज त्यांच्या मोबाईलवर. धारा मी काढते, दूध मी घालते, अन् फॅट त्यांना इचारायची. इचारलं की खेकसत्यात. आधी तुमी सांगत हुता."

पुढच्या गावांत बायकांना विचारलं, तर घरोघरी हीच रड. ज्या बाईला माहिती हवी, तिच्यापर्यंत ती पोचतच नाही. मग बिनचूक असून उपयोग काय? भर मीटिंगमध्ये स्टेलाबाईंनी ठासून सांगितलं. निकिता मान खाली घालून ऐकत होती. बाईंना मनातून गुदगुल्या होत होत्या.

"बाई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं," निकिता म्हणाली, आणि त्याच आठवड्यात तिनं प्रत्येक खात्याला दूध घालणारीचाही नंबर जोडला. आप्पासाहेब खूश. सिस्टीम कायम. "पोरगी हुशार हाय," ते सगळ्यांना सांगत सुटले.

थोड्या दिवसांनी मुक्ताबाई खरवसाचा डबा घेऊन खिडकीशी आल्या. स्टेलाबाईंचा जीव सुपाएवढा झाला.

"निकिताताई कुठं हायेत? त्यांच्यासाठी आणलाय. लई उपकार झाले त्यांचे."

निकिता आतच बसली होती.

"रजेवर हाय ती," स्टेलाबाई म्हणाल्या. "ठेवा, मी देते."

मुक्ताबाई गेल्या. बाईंनी खिडकी लावून घेतली आणि सगळा डबा एकटीनं संपवला. खरवस झकास झाला होता. त्याचाही त्यांना राग आला.