कुलूपबंद घराची ओल

अठ्ठेचाळीस सालच्या वैशाखात जळकोटच्या इरम्माच्या घरात मधल्या भिंतीला ओल आली.

इरम्मा एकटी विधवा. लोकांच्या भिंती लिंपायच्या, पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचा, यावर तिचं पोट. वरून उतरलेली ओल धाब्याची, खालून सगळीकडं चढलेली पायाची, हे ती नुसतं बघून सांगायची. या ओलीचं मात्र कोडं सुटेना. धाबं कोरडं. रांजण तिनं दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन पाहिला, तरी चार दिवसांत डाग वीतभर वाढला. तोही एकाच जागी, सकाळी जास्त ओला.

भिंतीपलीकडं मथुराबाईचं घर. तिचा लेक बब्रुवान निजामाच्या रझाकारांना हवा होता. घरची सगळी हद्दीपलीकडं सोलापूरला गेली, असं गाव सांगत होतं, आणि दाराला कुलूप होतं. इरम्मानं बोळात जाऊन त्या घराच्या मोरीचं तोंड पाहिलं. खडखडीत कोरडं. आत येऊन तिनं ओल्या मातीला नाक लावलं, तर कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला. तापकऱ्याच्या अंघोळीचं पाणी. म्हणजे कुलपाआड कुणीतरी होतं.

दुपारी बोळ सामसूम झाल्यावर तिनं सळईनं दोन दगडांमधली माती उकरली.

"कोण हाय आत?"

पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं. "इरम्मा, मी मथुरा. सुनेला मुदतीचा ताप, चालवंना. बब्रुवान आमाला आत ठेवून, भाइरून कुलूप घालून गेला."

"आन् पाणी?"

"घरातल्या आडाचं. मोरी वाहिली तर बोळात दिसंल, म्हणून तिच्यात चिंध्यांचा बोळा कोंबलाय."

तुंबलेलं पाणी भिंत पीत होती. इरम्मानं खालचे दोन दगड काढले, उतार धरून खापरी नळ बसवला आणि तिकडचं पाणी आपल्या मोरीत घेतलं. तिची मोरी ओली दिसली तर कुणाला नवल नव्हतं. वरच्या फटीतून भाकरी जाऊ लागली.

तिसऱ्या दिवशी गस्तीचे दोघं रझाकार पाणी प्यायला इरम्माच्या घरात आले. एकानं भिंतीला हात लावला.

"दीवार गिल्ली कायकू है?"

"कालच लिंपलीय. माझा धंदाच त्यो."

त्याच वेळी नळातून पाण्याची बारीक धार आली. इरम्मानं हातातला तांब्या मोरीत उपडा केला, जणू तीच पाणी ओततेय. ते गेले.

पंधरा दिवसांनी ताप उतरला. कुलूप तसंच ठेवून इरम्मानं भिंतीचे आणखी दगड काढले आणि रात्री दोघींना आपल्या घरात घेतलं. बाजारच्या दिवशी बसवराज गाडीवानानं त्या दोघींना कडब्याच्या गाडीत घालून सोलापूरला पोचवलं. भाद्रपदात निजामाचा अंमल संपला, तेव्हा कुठं त्या घराचं कुलूप निघालं.

इरम्मानं नळ काढून दगड परत बसवले. भिंत सुकायला दिवाळी उजाडली. तरी उठल्या उठल्या तिचा हात आधी भिंतीकडं जायचा.