इजेक्टर येईपर्यंत

धाराशिवात आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे, असं सांगितलं की बाहेरगावची माणसं जरा सावरून बसतात. त्यांना वाटतं, आमच्याकडं दिवसभर मिशीला पीळ दिलेले लोक येत असतील. खरं तर येतात ते रानडुकरांना वैतागलेले शेतकरी, आज्याच्या काळातली बारा बोअर खांद्यावर घेऊन. नाहीतर जत्रेत फुगे फोडायचा स्टॉल लावणारे, छऱ्याच्या बंदुकीची स्प्रिंग बदलायला. अब्बा पोलीस खात्यात आर्मरर, म्हणजे हत्यारांची देखभाल करणारे, होते. निवृत्तीनंतर त्यांनी परवाना काढून हे दुकान टाकलं आणि मी त्यांच्या हाताखाली शिकलो. आता त्यांना नीट दिसत नाही, पण दाराजवळच्या खुर्चीवर बसून माझ्या कानशीच्या आवाजावरून चुका काढतात.

पिस्तूलवालं गिऱ्हाईक मात्र वेगळं. ज्याच्या जिवाला धोका, त्याला पिस्तुलाचा परवाना, असा नियम आहे. आमच्या भागात तो उलटा वाचतात. परवाना मिळाला म्हणजे जिवाला धोका असणार, आणि धोका आहे म्हणजे माणूस मोठा असणार.

असेच एक मोठे माणूस दोन वर्षांपूर्वी दुकानात आले. ढोकीकडचे माजी सभापती. कुठल्या समितीचे, ते आता त्यांच्या गावातही फारसं कुणाला आठवत नाही. पण सभापती हे पद एकदा चिकटलं की आडनावासारखं राहतं. बरोबर तिघंजण होते, त्यांचं काम मान डोलावण्याचं. सभापतींनी कमरेचं पिस्तूल काढून काउंटरवर ठेवलं आणि अब्बांना म्हणाले, "चाचा, ह्यानं ऐन वक्ताला दगा दिला बघा."

मग हकिकत सांगितली. उसाच्या फडात रानडुक्कर शिरलं होतं, रेडक्याएवढं. सभापती एकटे पुढं गेले. पहिली गोळी झाडली, डुक्कर गडबडलं. दुसरी झाडणार तोच पिस्तूल अडकलं. "न्हायतर तिथंच आडवं केलं असतं," ते म्हणाले.

"व्हय व्हय," तिघं म्हणाले.

मी मॅगझिन काढलं, आत काही राहिलं नाही ना ते बघितलं आणि पिस्तूल खोललं. आत सगळा लाल चिखल वाळून बसलेला. मी बोटावर घेऊन वास घेतला.

"हे कुंकू आहे का?"

"खंडेनवमीला पूजा करतो की आमी. हळदकुंकू वाहायचं, वर नारळाचं पाणी."

"पण आतमध्ये?"

"देव काय निस्ता वरून वरून पुजायचा व्हय?"

मी त्यांना जागा दाखवली. पिस्तुलात इजेक्टर म्हणून एक लहानसा पोलादी दात असतो. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं येते, काडतुसाची रिकामी पुंगळी त्या दातावर आपटते आणि बाहेर उडते. सभापतींच्या भक्तीनं तो दात गंजून अर्धा झाला होता आणि पहिल्याच गोळीला तुटला. राहिलेला खुंट त्यांच्या ड्रायव्हरनं अडकलेली पुंगळी ओढताना पक्कडीनं वाकवून ठेवला होता.

"म्हंजी रिकामं झालेलं बाहेर जायलाच तयार न्हाय?" सभापतींनी विचारलं.

"होता है साहेब," अब्बा खुर्चीवरून म्हणाले, "कुर्सीपे बी ऐसाच होता."

तिघं हसले. सभापतींनी वळून बघितल्यावर थांबले.

सभापतींना दुसऱ्या दिवशीच पिस्तूल हवं होतं. त्यांच्या ओळखीचा एक लेथवाला म्हणे तासाभरात असले चार दात पाडून देईल. मी म्हणालो, "परवान्याच्या हत्यारात लेथवरचा माल बसवला तर तुमचा परवाना आणि आमचं दुकान एकाच दिवशी जाईल." मग नाइलाजानं पावती घेतली आणि पिस्तूल ठेवून गेले. मी पुण्याच्या परवानाधारक दुकानाकडं इजेक्टर मागवला. पुणेवाल्यांनी पुढं कुठंतरी मागवला. आणि आम्ही वाट बघत बसलो.

सभापतींचा सकाळी फोन यायचा, "आला का?" घरचं माणूस परदेशातून यायचं असल्यासारखा आवाज. लोकांना कळू नये म्हणून ते कमरेचं पिस्तुलाचं कातडी पाकीट रिकामंच लावून फिरत होते. शर्ट त्यावर पूर्वीसारखाच फुगायचा, लग्नात पूर्वीसारखीच पुढची खुर्ची मिळायची.

असे दिवस चालले असताना एके दुपारी एक बाई दुकानात आल्या. एसटीनं आल्या होत्या, हातात बाजाराची पिशवी. पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मी सभापतींची मंडळी. भाग आला का?"

मी अब्बांकडं बघितलं. इजेक्टर त्याच सकाळी आला होता, अजून पुडीही फोडली नव्हती. मी "आला" म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "आला नसंल तर लई बरं झालं."

मग त्या बोलायला लागल्या. डुक्कर खरंच आलं होतं, पण सभापतींनी गोळी झाडली ती आभाळात. पिस्तूल अडकल्यावर ते उसानं भरलेल्या ट्रॉलीवर चढून बसले आणि डुक्कर कधीच निघून गेलं तरी उतरेनात. शेवटी ऊसतोडीच्या बायकांनी खालून हाका मारल्या, "दादा, उतरा आता, गेलं ते!"

"कमरेला ते असलं की ह्यांचा आवाजच बदलतो," बाई म्हणाल्या. "पोरीशी बी सभेत बोलल्यागत बोलतात. ते पोटाला रुततं म्हणून जेवाय खुर्चीवर बसायचे, एकटेच. आता मांडी घालून आमच्यात बसतात. परवा तर गंमतच झाली. दोन भावांचा बांधावरून तंटा होता, तो मिटवाय गेले. पाकीट रिकामं दिसू नये म्हणून त्यात मोबाइल घातलेला. दोघं भाऊ ऐकंनात, तवा ह्यांनी कमरेला हात घातला, आणि तेवढ्यात ते पाकीटच वाजाय लागलं! फोन माझा. येताना कोथिंबीर आणा म्हणून सांगाय केलेला."

"मग?"

"मग काय, भाऊ भाऊ हसत सुटले. हसताना भांडण राहिलं न्हाय. तिथंच चहा झाला." त्या पदरानं तोंड पुसत हसल्या आणि एकदम गंभीर झाल्या. "भाऊ, एवढं करा. भाग मिळत न्हाय म्हणून सांगा."

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. पण उत्तर अब्बांनी दिलं. "बेटी, हत्यार उनका है. झूट नै बोलूंगा मैं. भाग आलाय. बसवताना मात्र त्यांना इथं बोलावतो. तू पण ये."

याचा काय उपयोग होणार ते मला कळलं नाही. बहुतेक अब्बांनाही कळलं नसावं. बाई मान हलवून उठल्या.

बसवायच्या दिवशी सभापती तिघांना घेऊन आले. तिघांना अब्बांनी बाहेरच्या बाकावर बसवलं, आत जागा नव्हती हे खरंच होतं. बाई दाराशी उभ्या राहिल्या. मी जुनी पिन ठोकून काढली, खुंट बाहेर घेतला, खाच पेट्रोलनं धुतली. नवा इजेक्टर खाचेत बसताना किंचित घट्ट जात होता. बारीक कानस मारली.

"ज्यादा मत घिस," मागून अब्बांचा आवाज.

थांबलो, लावून बघितलं, बसला. पिन ठोकली. स्लाइड चढवून दोनचारदा मागं-पुढं केली, कुठं घासत नव्हती. आता पुंगळी उडते का ते बघायचं होतं. त्यासाठी आमच्याकडं डमी काडतुसं असतात, बिनदारूची. मी ती मॅगझिनमध्ये भरताना सभापतींना म्हणालो, "जरा लांब व्हा."

पण हत्याराजवळून लांब होणं त्यांना पदाला शोभणारं वाटलं नसावं. ते आणखी वाकले. मी मॅगझिन लावलं, स्लाइड एकदा ओढून डमी आत घेतली आणि पुन्हा ओढली. नवा इजेक्टर इतका झकास बसला होता की डमी सणकन उडाली आणि सभापतींच्या कपाळावर खटकन बसली.

"लागली! आयायाय, गोळी लागली!"

दोन्ही हातांनी कपाळ धरून ते खाली फरशीवर बसले. बाहेरचे तिघं उठले, पण आत कुणी आलं नाही. एकजण तर गाडीच्या पलीकडं गेला. बाई धावत आल्या, त्यांचे हात बाजूला करून बघितलं. रक्त नाही, नुसता लाल ठिपका. त्यांनी पदराच्या टोकावर फुंकर घातली आणि ते त्या ठिपक्यावर धरलं.

मला वाटलं, आता हा माणूस दुकान डोक्यावर घेणार. पण सभापतींचं तोंड पांढरं पडलं होतं. मी आजवर न ऐकलेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "खरी असली तर असंच वाटतं का?"

"खरी लागलेला माणूस पूछता नै, साहेब," अब्बा म्हणाले.

बाईंनी हात दिला, ते उठले. शर्ट झटकला. पिस्तुलाकडं बघितलं, पण उचललं नाही. "काम चांगलं झालंय," मला म्हणाले. मग अब्बांजवळ जाऊन हळूच, "चाचा, तुमच्याकडं हत्यार ठिवून घेता म्हणं?"

ठेवून घेतो. परवानाधारक दुकानात तशी सोय असते, रीतसर नोंद होते. मी कागद पुढं केला, त्यांनी सही केली. पावती बाईंनी घेतली आणि घडी घालून सभापतींच्या कमरेच्या रिकाम्या पाकिटात ठेवली.

बाहेर गेल्यावर सभापतींचा आवाज पुन्हा जागेवर आला. तिघांना सांगत होते, "अजून एक भाग यायचाय. कंपनीचा माल, टाइम लागतो."

"व्हय व्हय."

मी काचेतून बघत होतो. पुढच्या सीटवर नेहमीप्रमाणं त्या तिघांतला एक चढायला लागला, तर बाईंनी त्याच्या खांद्याला नुसतं बोट लावलं. तो उतरला. त्या पिशवी मांडीवर घेऊन पुढं बसल्या आणि ते तिघं मागं सभापतींच्या शेजारी एकमेकांना रेटत कसेबसे मावले.

"गेले?" अब्बांनी विचारलं.

"गेले."

"मग चहा सांग," ते म्हणाले, "आणि ती डमी कुठं घरंगळली ते शोध आधी."