आप्पांची टकटक

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून पोट धरून हसणाऱ्यांतली मी! त्यात माझा धंदाच आवाजाचा. पंखा कुरकुरला तर कुठला स्क्रू ढिला झालाय, तेही सांगेन. पण हे लिहिताना अजून अंगावर काटा येतोय... आणि तोही आनंदाचा!

आमचा स्टुडिओ आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नाशिक रोडच्या घरातल्या मागच्या खोलीत सुरू केला. भिंतींना आईच्या गोधड्या, मध्ये एक काच — अलीकडे आप्पा, पलीकडे गाणारे. भजनी मंडळं, अहिराणी लग्नगीतं, कितीतरी कॅसेटी तिथे झाल्या. आप्पा तोंडाने कधी वाहवा करायचे नाहीत. टेक जमला की बोटातल्या अंगठीने काचेवर टकटक. नाही वाजली, तर पुन्हा गा!

मीही लहानपणापासून तिथे गायचे. माझ्यासाठी काच एकदाही वाजली नाही. शेवटी रुसून गाणंच सोडलं आणि रेकॉर्डिंगच्या मशीनवर बसले.

पुढे आप्पा गेले. मी स्टुडिओ गंगापूर रोडला आणला. इथे काच नाहीच — मध्ये पक्की भिंत, गाणारे दिसावेत म्हणून कॅमेरा आणि स्क्रीन.

गेल्या महिन्यात भर दुपारी सुरगाण्याहून पांडूकाका आले, पावरी, म्हणजे भोपळ्याचं आदिवासी फुंकवाद्य, वाजवायला. आप्पांचे जुने दोस्त. नेमका गाणाऱ्या बाईंचा घसा बसला.

"तूच म्हण ना पोरी," काका म्हणाले.

"मी नाही गात आता, काका."

"आता तर आप्पा बी नाय. मंग कोनाला भितेस?"

लागलं मला ते. रेकॉर्डिंग सुरू केलं, काकांशेजारी उभी राहिले आणि डोळे मिटून, जीव ओतून गायले. शेवटचा सूर थांबला, आणि...

टकटक. काचेवर. अंगठीची!

"आप्पा!" काका ओरडले आणि लहान मुलासारखे हसायलाच लागले. मी धावले — पलीकडची खोली रिकामी, स्टुडिओच्या बाहेरच्या दाराला आतून कडी. स्क्रीनवर बोटाने ठोकून पाहिलं, तर नुसता भद्द आवाज. टेक परत लावला... त्यातही टकटक! आईला फोन केला.

"अंगठी? इथेच आहे की कपाटात. का गं?"

मला रडू आवरेना.

त्या टकटकीचं कारण आजही सापडलेलं नाही. सगळ्या वायरी तपासून झाल्या. त्या दिवशी काकांनी विचारलं होतं, "अजून एक टेक घ्यायचा का?"

"नाही काका," मी म्हटलं, "काच वाजली की टेक फायनल. आपल्या स्टुडिओचा नियम आहे."