शेफच्या नातीचं कोपर

अख्ख्या ऱ्हाइनकाठी माझ्याइतका जोरात फेकणारा पिचर नव्हता. आता माझ्या शर्टाचं वरचं बटण बायको लावते, कारण उजवं कोपर तितकं वाकतच नाही.

पिचर म्हणजे बेसबॉलमधला बॉलरच समजा. नववी नापास माणूस मी, पण हात असा की लुडविग्सहाफेनजवळच्या एका क्लबनं पगार देऊन मला जर्मनीत आणलं. क्लबचा अध्यक्ष, त्याला सगळे शेफ म्हणतात; जर्मनमध्ये शेफ म्हणजे आचारी नव्हे, साहेब. कोपर सुजून टम्म झालं की म्हणायचा, "गोळी घे आणि फेक." मी घ्यायचो. फेकायचो. मला वाटायचं, साहेबाचा आपल्यावर जीव आहे.

कोपर कायमचं गेलं. त्या वर्षीच्या ग्रिल पार्टीत शेफनं सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात अ‍ॅप्रन अडकवला. "सॉसेज तरी उलटता येतील ना या हातानं?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्यांदा मी. वर सॉसेजही करपवले.

घरी आल्यावर ते हसणं मलाच झोंबलं. शेपूट हलवावी तसा हसलो होतो मी.

पुढे पोरांना शिकवायला कुणी मिळेना, म्हणून शेफनं मलाच कोच केलं. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, सापडशील कधीतरी.

गेल्या शनिवारी सापडला. त्याची नात लेना पिचिंग करत होती. सीझनची शेवटची मॅच, आम्ही पुढे. पोरगी उजव्या हाताची, पण टोपी डाव्या हातानं सारखी करायला लागली. मला कळलं. दुखणं मीही असंच लपवायचो.

खरं सांगतो, आधी आनंद झाला. घाण, गोड आनंद. फेकू दे. त्याच्याही घरात एक कोपर मोडू दे. रोज जेवताना समोर दिसू दे त्याला.

तेवढ्यात लेनानं माझ्याकडे बघितलं आणि हसली. माझंच हसणं. तेच, शेपूट हलवणारं.

मी मैदानात गेलो. तिच्या हातातून बॉल काढून घेतला.

शेफ जाळीपाशी धावत आला. तोंड लालभडक. "ती फेकणार! तू इथे माझ्या दयेवर आहेस!"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हटलं. "तरीपण ती फेकणार नाही."

सगळे पालक ऐकत होते. या वेळी कुणी हसलं नाही. मॅच हरलो आम्ही. शेफचं तोंड बघून माझं पोट भरलं.

बायको मॅच बघायला आली होती. जाळीला टेकून तिला म्हटलं, "मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. मी उभा आहे तोवर त्याच्या हुकमानं एकही पोर हात मोडून घेणार नाही. दर शनिवारी त्याला माझं 'नाइन', त्याच्याच भाषेतलं 'नाही', ऐकावं लागेल, सगळ्यांसमोर. हाकललं तर कुंपणाबाहेरून ओरडेन."

बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "अहो, भाषण पुरे. ती पोर तिकडे कोपर धरून रडतेय. आधी बर्फ आणा."