बाबांनी मागून घेतलेला एक दिवस

बाबा जगणार नाहीत असं धरूनच मी त्यांच्या अंदमानच्या ट्रिपची तिकिटं काढली होती.

लिहायला वाईट वाटतंय. पण खरं तेच आहे.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

बाबा रायपूरला रेल्वेच्या कंट्रोलमध्ये होते. कुठली गाडी थांबवायची, कुठली पुढे काढायची, हे नोकरीभर मिनिटामिनिटाला ठरवलं. समुद्र मात्र कधी पाहिला नाही. रजा मिळाली की आम्ही नागपूरला काकांकडे जायचो. संपली रजा.

सत्तरीनंतर रक्ताचा आजार निघाला. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. डॉक्टर म्हणाले, "चढवल्यावर आठ-दहा दिवस बरे जातात. कुठे न्यायचं असेल तर तेव्हाच न्या."

ते बरे दिवस नेमके कधी येतील, हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

म्हणून मी सगळं फ्लेक्सिबल ठेवलं. विमान, बोट, हॉटेल. तारीख बदलता येईल, नाहीतर रद्द करता येईल. खरं सांगायचं तर मी रद्द करायचे नियम तेवढे वाचले होते.

बाबांना मात्र वेगळंच कारण सांगितलं.

"तारीख पक्की काहून नाही?"

"कॉलेजात प्रॅक्टिकल आहेत बाबा. त्यावर ठरेल."

"तू त इतिहास शिकवते ना?"

"हो."

"इतिहासाचं प्रॅक्टिकल असते काय वो पोट्टी?"

मी पाणी आणायला म्हणून आत गेले. त्रेचाळीस वर्षांची बाई.

बाहेर आले तर बाबा ग्राफपेपर घेऊन बसलेले. ऑफिसात काढायचे तसा चार्ट. आडवी वेळ, उभ्या रांगेत स्टेशनं: रायपूर, कोलकाता, पोर्ट ब्लेअर, नील बेट. धावून गेलेल्या गाडीची रेघ सलग असते, धावायच्या गाडीची तुटक. इथे सगळ्याच तुटक होत्या.

नील बेटावरचे दोन दिवस त्यांनी कोरे सोडले आणि वर लिहिलं, 'ब्लॉक'.

रुळांचं काम निघालं की रेल्वेत ब्लॉक घेतात. तेवढा वेळ त्या लाईनवर काहीही चालत नाही.

"दोन दिवस तिथं करायचं काय बाबा?"

"काही नाही."

पहिली तारीख तापामुळे गेली. दुसरी प्लेटलेट्स उतरल्या म्हणून.

आई वैतागली. "पाणीच पाहाचं आहे नं? तेलीबांध्याच्या तलावावर नेऊन बसव यायले."

बाबा म्हणाले, "त्या पाण्याले पलीकडचा काठ दिसते."

दुसऱ्या दिवशी आईने बॅग भरली, ती निघेपर्यंत पुन्हा उघडलीच नाही.

तिसऱ्या तारखेला आम्ही तिघंही निघालो.

आणि तिथे पोचल्यावर मी काय केलं? त्यांच्या कोऱ्या दिवशी, त्यांना न विचारता, काचेच्या तळाची बोट बुक केली. एवढ्या लांब येऊन नुसतं बसायचं, हे मला सहन होईना.

सकाळी बोटवाला बोलवायला आला. "अंकलजी, बोट रेडी है."

"आज ब्लॉक है भैया."

"कौन सा ब्लॉक?"

"हम दोनों का," बाबांनी आईकडे बोट दाखवलं.

तो बिचारा हसून गेला. दोन्ही दिवस बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पाणी पाहत राहिले. मी दर तासाला त्यांच्या नखांचा रंग पाहत राहिले.

दुसऱ्या संध्याकाळी म्हणाले, "अजून एक दिवस राहून जाऊ."

मी मनात मोजलं. रक्त चढवून सात दिवस झाले होते. मोठं हॉस्पिटल समुद्रापलीकडे, पोर्ट ब्लेअरला.

"रिस्क आहे बाबा."

"हव, आहे."

"मग?"

"तुह्या तिकिटाची तारीखबी बदलते ना? का नुसतं कॅन्सलच होते?"

मला वर बघवेना.

"बाबा, ते प्रॅक्टिकलचं मी खोटं सांगितलं होतं."

"मले माहीत आहे. मी पाहून राहिलो होतो, हे पोट्टी आपल्या तोंडानं कधी सांगते त."

आई मागून म्हणाली, "मग बदल नं आता. मोबाईल हातात धरून काहून बसली नुसती?"

मी आधी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, धाप लागत नसेल तर एक दिवस राहा, त्याहून जास्त नको. मग तारीख बदलली. पाच मिनिटांचं काम होतं.

त्या जादा दिवशी काही विशेष घडलं नाही. बाबा दुपारभर खुर्चीतच झोपले. उठल्यावर चहा मागितला, पँट दुमडली आणि पाण्यात घोट्यापर्यंत उभे राहिले. आईचा हात धरून.

"सोडा, लोक पाहून राहिले," आई म्हणाली.

किनाऱ्यावर मी होते आणि एक कुत्रं होतं.

त्यांनी सोडला नाही. तिनेही सोडवून घेतला नाही. माझ्या उभ्या जन्मात मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

दहा आठवड्यांनी बाबा गेले. त्या जादा दिवसाने काही बिघडलं का, हे मी डॉक्टरांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते नाही म्हणाले. अजूनही कधीकधी विचारावंसं वाटतं. मग आईकडे बघते आणि राहू देते.

बाबा, मी रद्द करायच्या तयारीत होते. तुम्ही त्याच तिकिटावर राहायचा दिवस काढलात. मला तो सुचला नसता.

खूप खूप आभार. आईचा आणि माझा नमस्कार घ्या.